पलीकडचा काठ दिसणारा समुद्र

बराकपूर समुद्रापासून लांब आहे असं कुणी म्हटलं, की पाध्येकाका त्याच्याशी वाद घालत नसत. त्याला हाताला धरून नदीच्या घाटावर नेत, शेवटच्या ओल्या पायरीवर उभं करत आणि आपण शेजारी गप्प उभे राहत. पाणी चढत चढत पाहुण्याचे बूट भिजले की विचारत, "हे काय आलं? भरती ना? मग झालं तर! समुद्रच आहे हा. फक्त पलीकडचा काठ दिसतो, एवढंच."

माझे बूट भिजले ते मी बदली होऊन आले त्याच महिन्यात. माझी बँक सियालदहजवळ, पण जागा मिळाली ती बराकपूरला. जिन्यात मराठी नावाची पाटी दिसली म्हणून मी हरखून जाऊन बेल वाजवली. परक्या गावात आपली पाटी दिसली की माणूस जरा वेडावतोच. सुमनकाकूंनी दार उघडलं, त्यांच्या मागे अर्ध्या चड्डीतले, गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक किडकिडीत गृहस्थ उभे. कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, असलं काही नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "तुमच्या गॅलरीतून पाणी दिसतं का?" मी म्हटलं, समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. झालं, त्यांचा माझ्यातला रस तिथल्या तिथे संपला. चहा मात्र काकूंनी दिला.

काका मूळचे हर्णैकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून इकडे आले, इथेच निवृत्त झाले. बंगाली अस्खलित बोलत, पण अशा चालीत की बंगाली माणसाला वाटावं हा आपल्याला रागावतोय. घाटावरची पोरं त्यांना 'काकू' म्हणत, कारण बंगालीत काकू म्हणजे काका. त्यामुळे खालून कुणी 'काकू' अशी हाक मारली की ह्या घरातली दोन्ही माणसं ओ द्यायची आणि नेमकं ज्याला बोलावलंय ते सोडून दुसरं खाली उतरायचं.

घाटापासून बंद पडलेल्या ज्यूट मिलच्या भिंतीपर्यंतचा काठ म्हणजे काकांचा किनारा. 'माझा किनारा' असंच म्हणत, जसं काही सातबाऱ्यावर नाव होतं. ओहोटी लागली की तिथे चिखल उघडा पडायचा आणि त्या चिखलात झेंडूच्या माळा, देवांच्या मूर्तींचा पेंढा, फुटके माठ आणि जगातल्या सगळ्या चपलांपैकी डाव्या पायाच्या तेवढ्या. त्यावर बगळे, पाणकावळे, एखादा खंड्या, हिवाळ्यात शेपटी हलवणारे धोबी. बाकीचे पक्षीवाले रविवारी सुंदरबनात जात, पहाडात जात. काका कुठेही जात नसत. म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांचे पाहुणे बघायचे, ह्यात कसला आलाय पुरुषार्थ? आपल्या दारात यायला हवा."

आणि दारात कोण आलंय ते दाखवण्याची त्यांची तऱ्हा! बोट दाखवायचं नाही, बोट दाखवलं की पक्षी उडतो असा त्यांचा ठाम समज. मग घड्याळाच्या भाषेत सांगायचं. समोर बारा, उजवीकडे तीन. ठीक आहे, सगळेच सांगतात तसं. पण बाकीचे लोक घाटाकडे नाहीतर होडीकडे तोंड करून बारा ठरवतात, काकांचे बारा त्यांच्या नाकासमोर असत. नाक वळलं की घड्याळ वळलं. "अकरा वाजता बघ, अकरा! अगं गेला ना आता चारवर!" पक्षी बिचारा एका जागी बसलेला, काकाच गोल फिरलेले.

आता हंसाचं सांगायलाच हवं, कारण काकांच्या आयुष्याची हंसाआधीची आणि हंसानंतरची अशी सरळ दोन भागांत वाटणी होते.

थंडीचे दिवस होते. सकाळचं धुकं, ओहोटी, आणि मिलच्या भिंतीखाली चिखलात एक मोठा पांढराशुभ्र पक्षी. लांब मान, नारिंगी चोच. काकांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. हंस! आपल्या देशात हा कुठे चुकून दिसला तर वर्तमानपत्रात येतो, आणि तो इथे, डाव्या चपलांमध्ये! त्यांनी तडक मानबदांना फोन लावला. मानबदा म्हणजे कोलकात्याच्या पक्षीवाल्यांचे म्होरके. बागबाजारचे, कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कुठल्याही पक्ष्याची कुठे नोंद होत नसे.

मानबदा माकडटोपी घालून मिळेल त्या गाडीने आले, सोबत तोफांएवढ्या लेन्स घेतलेली दहाबारा मंडळी. सगळे घाटावर पोटावर पालथे पडले. कुजबूज, खटखट फोटो. हंस हलेना. एकजण हळूच म्हणाला, फार शांत स्वभावाचा दिसतो. दुसरा म्हणाला, लांबून आलाय, दमला असेल. मग भरती लागली. पाणी हंसाच्या पोटाला लागलं, हंस अलगद उचलला गेला, तरंगला आणि सावकाश वळला. मागून त्याला पेंढा होता, सुतळी होती आणि एक बांबू होता.

चारच दिवसांपूर्वी सरस्वतीपूजा झालेली. गल्लोगल्लीच्या मूर्ती नदीत पडल्या होत्या. देवी विरघळली, वाहन राहिलं.

मानबदांनी माकडटोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. काका तेवढंच म्हणाले, "चोचीचा रंग मात्र बरोब्बर होता."

त्या दिवसापासून काकांनी काहीही पाहिलं आणि कळवलं, की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "हलतोय का?" दिवसाढवळ्या समोर बसलेला पक्षी सांगितला तरी तेच. आणि पक्षीवाल्यांचा रिवाज असा, की दुर्मीळ पक्षी असेल तर एक तर फोटो हवा, नाहीतर अजून दोघांनी पाहिलेला हवा, आणि त्या दोघांनी आपापसात न बोलता वेगवेगळं वर्णन द्यायला हवं. बाकीच्यांच्या बाबतीत हा नियम जरा सैल असे. काकांच्या बाबतीत मात्र कुणी तसूभर सूट देत नसे.

हे त्यांना फार लागलं होतं. वरून हसत, पण आत लागलं होतं. मुलगी पुण्याहून सारखी बोलवायची, या आता दोघं इकडे, कशाला त्या चिखलात. काका म्हणायचे, "येऊ की. एकदा, फक्त एकदा त्या मानबने माझं खरं मानू दे. माझ्या किनाऱ्यावरचा माझा पक्षी, खाली माझं नाव. मग पुण्याला न्या नाहीतर लोणच्याच्या बरणीत भरून ठेवा मला."

"मग फोटो काढा ना," मी एकदा म्हटलं. मुलीने चांगला महागाचा कॅमेरा पाठवला होता, तो कपाटात पडून होता. काका माझ्यावर कडाडले. "कॅमेऱ्यातून पाहिलेला पक्षी पाहिलेला नसतो, समजलं? तो मशीनने पाहिलेला असतो!" नंतर स्वयंपाकघरात काकूंनी मला कोथिंबीर निवडायला बसवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "हात थरथरतात गं त्यांचे. सगळे फोटो म्हणजे नुसतं पिठलं येतं. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस." मी नाही बोलले. पण मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग राहिले साक्षीदार. त्यापायी काकांनी कुणाला म्हणून सोडलं नाही. मला नेलं, तर मी पोचेपर्यंत पक्षी उडालेला. खालच्या मजल्यावरच्या घोषालबाबूंना नेलं, ते चिखलात रुतले, त्यांना दोरीने ओढावं लागलं. काकू मात्र ठाम. "मी यायची नाही. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला फक्त पाठ दाखवली आहे. पुढे उभं राहून पाण्याकडे बघत बसायचं आणि मी मागे डबा धरून! कावळा आणि घार सोडून मला काही ओळखू येत नाही, आणि यायला नको."

तर अशात गणपती आले. बराकपूर आणि आसपासच्या मराठी घरांचं मिळून आमचं एक छोटंसं मंडळ आहे. बँकवाले, छावणीतले लष्करवाले, आणि दोनतीन घरं अशी, की ज्यांची मुलं आरती म्हणतात पण तिचा अर्थ आईला बंगालीत विचारतात. त्या वर्षी विसर्जनाला बंगालच्या उपसागरात मोठं वादळ घोंघावत होतं. दोन दिवस वारा सुटलेला, आभाळ शिशासारखं. काही जण म्हणाले बादलीत विसर्जन करू. काकांनी ते हाणून पाडलं. "विसर्जन समुद्रातच होणार," म्हणाले, आणि सगळ्यांना आपल्या किनाऱ्यावर घेऊन आले. वडीलधारे म्हणून निरोपाच्या आरतीचं ताटही त्यांच्याच हातात.

निम्मी मंडळी वरच्या पायऱ्यांवर, तरुण मुलं गुडघाभर पाण्यात गणपती घेऊन, मध्ये काका. काकू एका बाजूला, बांधून ठेवलेल्या होडीचा बांबू धरून उभ्या. आरती सुरू झाली. टाळ, झांजा, वाऱ्याने निम्मे शब्द उडून चाललेले. आपल्याकडे आरतीत डोळे मिटायची सवय, तेव्हा सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. आणि मध्येच, अगदी आरतीच्या चालीत, काका ओरडले, "तीन वाजता!"

कुणीतरी डोळे न उघडताच सांगितलं, "नाही काका, साडेपाच झालेत."

"तीन! तीन! आता चारवर!" हातात ताट, त्यामुळे हातवारे करता येईनात. मग ताटच फिरायला लागलं. काका गणपतीला पाठ करून आभाळाला ओवाळत होते. लोकांना वाटलं, भाव दाटून आला. म्हातारपणी होतं असं. एकीने तर पदर डोळ्याला लावला. आणि तेवढ्यात आरतीचा शेवट आला. आता शेवटी आपण काय करतो? हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेतो. अख्खं मंडळ गिरकी घ्यायला लागलं. आणि ह्या सगळ्या फिरणाऱ्या माणसांच्या मधून, पायऱ्यांवरच्यांच्या खालून आणि पाण्यातल्यांच्या डोक्यावरून, ते जे काय होतं ते सुळ्ळकन गेलं, वळलं, पुन्हा आलं. ज्यांचे डोळे उघडे होते त्यांना ते दिसलं, पण गिरकीत दिसलं, म्हणजे चक्रावर बसलेल्या पोराला आईचं तोंड दिसतं तेवढंच. मलाही दिसलं. काळं काहीतरी. एका हाताने मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मुलीने नेमका गिरकीसाठी मोबाइल पर्समध्ये टाकला होता.

त्याच रात्री काकांनी फोन केला. पलीकडून नेहमीचं, "हलतोय का?" काका शांतपणे म्हणाले, "साक्षीदार आहेत. अख्खं मंडळ आहे. यायचं तर या." वादळात समुद्राचे पक्षी भरकटून नदीने वर येतात, हे मानबदांना ठाऊक होतं. ते दुसऱ्या दिवशी आले.

काकांनी सगळ्यांना आपल्या दोन खोल्यांत बोलावून ठेवलं होतं आणि ताकीद दिली होती, की आपसात अवाक्षर बोलायचं नाही. वीसेक मराठी माणसं एका खोलीत, पुढ्यात साबुदाण्याची खिचडी, आणि बोलायचं नाही! मी असली शांतता पुन्हा कधी अनुभवली नाही. मानबदा एकेकाला गॅलरीत बोलवायचे.

देशपांडेबाई म्हणाल्या, काळा. पाठीवर कुळकुळीत काळा. नंतर कुलकर्णी गेला, तो म्हणाला, "पांढरा. दुधासारखा. शपथेवर सांगतो." बाईंनी ते ऐकलं आणि आतून ओरडल्या, "चष्म्याचा नंबर बदल रे!" छावणीतले सुभेदार मोरे म्हणाले की तो पक्षीच नव्हता, ड्रोन होता, आणि त्यांनी तसं वरती कळवलेलं आहे. काका ह्या सगळ्या वेळात खुर्चीत ताठ बसून होते. प्रत्येक साक्षीगणिक त्यांचा चेहरा उतरत होता. मला वाटलं, गेलं. हाही हंसच होणार.

पण मानबदा मास्तर माणूस. त्यांनी विचारलं, कोण कुठे उभं होतं? मग टेबलं सरकवली. वरच्या पायरीवरची मंडळी दिवाणावर चढली, पाण्यातली मुलं खाली फरशीवर बसली, आणि मानबदांनी काकूंचा झारा घेऊन तो पक्षी म्हणून मध्ये फिरवला. "घ्या गिरकी!" सगळ्यांनी घेतली. सुभेदार मोरे दिवाणावरून पडले. आणि गंमत अशी, की काळा म्हणणारे सगळे दिवाणावर होते आणि पांढरा म्हणणारे सगळे फरशीवर. म्हणजे वरून पाठ काळी, खालून पोट पांढरं. मानबदांचा हातातला झारा थांबला. "समुद्री सुरय," ते पुटपुटले. "पण तसे दिसणारे दोन आहेत. कुठला, ते कपाळावरून कळतं. कपाळ कुणी पाहिलं?"

गिरकीत कपाळ कोण बघतंय?

तेव्हा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तुमचं फिरून झालं असेल तर मी सांगू का? मला चक्कर येते, मी फिरले नव्हते. दमून माझ्या समोर होडीवर येऊन बसला होता तो. हातभर लांब. डोक्यावर काळी टोपी, कपाळ पांढरं. आमचे गुरुजी गंध लावतात ना, तसं. पण डोळ्यापाशी थांबलेलं. कानाकडे गेलं नव्हतं, मी नीट बघितलं. शेपटी कात्री उघडल्यासारखी. आणि चोचही काळी, पायही काळे."

मानबदा खाली बसले. "डोळ्यापाशी थांबलं होतं? नक्की?"

"म्हणजे काय? मला काय दुसरं काम होतं?"

"मग तेव्हा बोलल्या का नाहीत?"

"आरतीत मध्येच बोलायचं नसतं," काकू म्हणाल्या.

मानबदा उठले. काकांसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना काकांशी इतक्या अदबीने बोलताना ऐकलं नव्हतं. "पाध्येबाबू, खरा आहे. ह्या काठावर तरी कुणी पाहिल्याचं मी ऐकलेलं नाही. आता फक्त तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. पहिलं नाव तुमचं घालतो."

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला तर उठून त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, अहो बोला ना! ऐकलं आहे तुम्ही, आत्ताच सगळं! काळी पाठ म्हणा, पांढरं कपाळ म्हणा, आणि घ्या तुमचं नाव!

"मला दिसला नाही," काका म्हणाले.

"काय?"

"धूसर काहीतरी गेलं. तेवढंच. बरेच दिवस झाले, मला नीट दिसत नाही. बगळा कळतो, पाणकावळा सवयीने कळतो. बाकीचं..." त्यांनी हात हलवला. "मी कावळे ऐकले. मिलच्या भिंतीवरचे. घारीवर ओरडतात तसे ओरडत नव्हते. म्हटलं, कुणीतरी परकं आलंय. म्हणून ओरडलो. पक्षी मी पाहिलेला नाही. माझं नाव घालू नका."

चहा ओतायला उचललेली किटली काकूंनी खाली ठेवली. त्यांना हे माहीत नव्हतं. डोळ्यांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. "अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या. मला रडू आलं. देशपांडेबाईंनाही आलं, पण त्या म्हणाल्या खिचडीतली मिरची.

मानबदांनी हातातला झारा खाली ठेवला. मग बंगालीतच म्हणाले, आणि हळू म्हणाले, "ह्यांच्या शब्दाला दुसरा साक्षीदार नको."

नोंद झाली ती सुमन पाध्ये ह्या नावावर. ती वाचून काकू इतक्या अवघडल्या, की आठवडाभर घाटाकडच्या खिडकीचा पडदा ओढून बसल्या होत्या. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याला थोडा उजेड आला, दुसऱ्याचं काही होण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणाले. पुण्याला जायचं काका पुन्हा बोलले नाहीत, आणि काकूंनीही मुलीला सांगून टाकलं, आत्ता हिवाळ्याचं नको, पक्षी येतात. फोन अजून मानबदांनाच जातो, पण आता काकू लावतात. पलीकडून आता एवढंच विचारतात, "पाध्येबाबू काय म्हणतात?" आणि लिहून घेतात.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले तर दाराला कुलूप. मी घाटावर गेले. ओहोटी होती. खालच्या पायरीवर दोघं बसले होते, माझ्याकडे पाठ करून. दुर्बीण काकूंच्या डोळ्यांना होती, पण पट्टा काकांच्याच गळ्यात. तो काढून द्यायला काका काही तयार नसावेत. त्यामुळे काकूंना त्यांच्या गालाला गाल लावून बसावं लागत होतं, ह्या वयात, भर घाटावर.

"पाय कसले आहेत?" काका विचारत होते.

"हिरवट."

"हिरवट म्हणजे कसे? पालकासारखे की शेपूसारखे?"

"गप्प बसा हो जरा," काकू म्हणाल्या. "बघू दे मला."

मी हाक मारली नाही. गाडीची वेळ झाली होती, रिक्षा वर थांबली होती.